मी अवरेकाई आणायला गेले तेव्हा

माझ्या आत्याने मला दोनदा फसवले. पहिल्यांदा तिने माझी धाकटी बहीण नेली तेव्हा, आणि दुसऱ्यांदा ती कशी नेली याची हकीकत साऱ्या नातेवाइकांत सांगितली तेव्हा. पहिल्या फसवणुकीत अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला सामील होते आणि आई गप्प होती. दुसरी तिची एकटीची. पहिली मी एखादे वेळी माफही केली असती, कारण मूल नसलेल्या बाईची तहान मला कळते. दुसरी मी माफ केलेली नाही. बेंगळुरातल्या चिकपेटेत माझे भांड्यांचे दुकान आहे, ते मी कोणापुढे हात न पसरता उभे केले आहे, आणि माझ्याशी खोटे बोलून माल खपवणारा माणूस त्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही. आत्या मात्र आजही घरातल्या प्रत्येक कार्यात पुढच्या खुर्चीवर बसते आणि सगळे वाकून तिच्या पाया पडतात.

आम्ही तेव्हा बनशंकरीत भाड्याच्या घरात राहत होतो. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातले. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडणात जी आधी तोंडात येईल ती. आता तिथे स्कूटर लावायला जागा मिळत नाही, पण तेव्हा घरांपेक्षा मोकळ्या साइटी, म्हणजे प्लॉट, जास्त होते. आमच्या मागच्या दारापासून गवताचा एक उतार सुरू व्हायचा तो थेट खालच्या खोलगट जागेपर्यंत, आणि उताराच्या माथ्यावर हत्ती बसावा तसा एक काळा खडक होता. थंडीच्या दिवसांत सकाळी त्या खोलगटात धुके भरून राहायचे. पलीकडच्या नारळांचे नुसते शेंडे दिसायचे, बुंधे नाहीत. देवळातली घंटा, दुधाच्या क्रेटांची आदळआपट, शेजारच्या गौरम्माच्या अंगणात सडा पडल्याचा सपकारा, आणि आमच्या घरातून आईचा खोकला, एवढेच आवाज. खोकला थांबला की मी जास्त घाबरायचे, कारण मग ती तोंडात पदर कोंबून खोकत असायची, अण्णांची झोप मोडू नये म्हणून.

आई पावसाळ्यापासून आजारी होती. डॉक्टरांनी सांगितले होते की तिला निजू द्या आणि धाकट्या दोघांना सकाळचे ऊन द्या. माझे कॉलेज दुपारचे, म्हणून सकाळ माझी, आणि सकाळबरोबर ती दोघेही माझी. नंदू नुकता शाळेत जाऊ लागला होता, त्याची शाळाही दुपारचीच. चिन्नी अजून नीट पळायलाही शिकलेली नव्हती. पळाली की दर वेळी शेवटी बसूनच थांबायची. दोघे मला अक्का म्हणत. चिन्नीच्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो आई नव्हता, अक्का होता. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. आईला उठवायचे नाही असे घरात ठरले होते, मग ते मूल हाक तरी कोणाला मारणार?

उजाडले की मी दोघांना नाचणीची गरम आंबील पाजायचे, हातावर गुळाचा खडा ठेवायचे आणि मग लोकरीचे कपडे चढवायचे. नंदूला तपकिरी स्वेटर, चिन्नीला माझ्याच जुन्या पिवळ्या स्वेटरची लोकर उसवून आईने विणलेली कानटोपी. ती टोपी तिला टोचायची. "अक्का, टोपी चावते," म्हणायची. "मग तू पण चाव तिला," नंदू सांगायचा, आणि ती खरेच टोपीची दोरी चघळत बाहेर पडायची. गौरम्माच्या कुंपणाला बुचाचे उंच झाड होते. रात्रभर फुले गळून सकाळी खाली पांढरा गालिचा झालेला असायचा. चिन्नी लांब देठांची फुले वेचून आणायची, मी खडकावर बसून दोऱ्याशिवाय त्यांची वेणी गुंफायचे, आणि ती वेणी टोपीवरून घालून चिन्नी नवरीसारखी मान खाली घालून चालायची. तिला कोणी शिकवले होते कोण जाणे.

पण खरी मजा झावळीच्या गाडीची. गौरम्माच्या परसात सुपारीची झाडे होती. सुपारीची वाळलेली झावळी गळून पडते तेव्हा तिच्या बुडाशी चामड्यासारखी रुंद, पन्हळीसारखी वाकलेली पट्टी असते. त्या पट्टीवर मुलाला बसवायचे, त्याने पुढचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, आणि मोठ्याने पानांच्या टोकाला धरून ओढायचे. कोरड्या मातीवर ती गाडी खरडत जाते. दवाने भिजलेल्या गवताच्या उतारावर ती उडते. मी घोडा व्हायचे, सलवार गुडघ्यापर्यंत भिजायची, मागे नंदू आणि त्याच्या पुढ्यात चिन्नी, आणि खालच्या गल्लीतली पोरे दोन्ही बाजूंनी धावत "बेगा, बेगा!" म्हणजे लवकर, लवकर, असे ओरडायची. उताराच्या तळाशी आम्ही तिघे धुक्यात शिरायचो आणि काही क्षण कोणालाच कोणी दिसायचे नाही. मग त्या पांढऱ्यातून चिन्नीचा आवाज यायचा, "अक्का, अजून!" दुकानात बसल्या बसल्या मला अजून कधी कधी तो आवाज येतो, आणि त्या वेळी समोर जे गिऱ्हाईक असेल त्याला मी उगाचच जास्त तोडून बोलते.

त्या झावळ्या काही फुकट मिळत नव्हत्या. गौरम्मा त्या न्हाणीघरातल्या चुलीत घालायची. मी तिच्याशी कन्नडात सौदा केला, माझ्या आयुष्यातला बहुधा पहिला.

"गौरम्मा, झावळ्या जाळू नका, मला द्या."

"आणि पाणी कशावर तापवू? तुझ्या डोक्यावर? ते तापलेलेच असते म्हणा."

"आमची पोरे संध्याकाळी तुमची अवरेकाई सोलून देतील."

"तुमची पोरे सोलणार कमी, सांडणार जास्त. परवा त्या धाकटीने दाणा नाकात घातला होता."

"मग तिला नाही बसवत. मी बसते."

"सरी," ती म्हणाली, म्हणजे ठीक. "पण स्वल्प आवाज कमी. माझा नवरा रात्रपाळी करून निजतो."

अवरेकाई ही आपल्या पावट्याच्या जातीची शेंग, पण बेंगळुरात थंडी म्हणजेच ती. हातगाड्यांवर, देवळासमोर, बसस्टॉपवर हिरवे ढीग, आणि प्रत्येक घरात उपमा, आमटी, भाकरी, सगळ्यात तेच दाणे. चांगली शेंग कोणती हे रंगावरून कळत नाही. बोटांनी चोळायची आणि बोटांचा वास घ्यायचा. दव खाल्लेल्या शेंगेला एक उग्र, तेलकट दरवळ असतो, तो हाताला दिवसभर राहतो. ती परीक्षा मला उपजत होती. भिजवलेल्या दाण्याला चिमटा काढला की साल हातात राहते आणि आतला दाणा उडतो. नंदू आणि चिन्नी उन्हात बसून एकमेकांवर नेम धरायचे आणि मी खोटे खोटे रागवायचे. अण्णा फारसे बोलत नसत, पण शेंगा मी आणल्या की म्हणायचे, "हिला मार्केटात पाठवू नका रे, शेंगवाल्या रडत घरी जातात." एवढ्या कौतुकावर मी आठवडाभर चालायचे.

दिवाळी झाल्यावर आत्या आणि आतोबा सोलापुराहून आले. आत्या अण्णांची थोरली बहीण, लग्न होऊन सोलापूरला गेलेली, आई नसलेल्या अण्णांना तिनेच वाढवलेले, त्यामुळे तिचा शब्द अण्णांनी कधी मोडला नाही. त्यांना मूल नव्हते. आईच्या दुखण्यात मदत करायला आलो, असे त्यांनी सांगितले, आणि मदत त्यांनी केली, ते मी नाकारत नाही. आत्याने स्वयंपाकघर हातात घेतले. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, ज्वारीच्या भाकऱ्या, आणि सोलापुरी चादरींची अख्खी वळकटी तिने आणली होती. आतोबा वर्तमानपत्राच्या मागे राहायचे. आत्या मात्र आमच्यामागून उतारावर येऊ लागली. पायात मोजे आणि त्यावर चपला, डोक्याला रुमाल, हातात शिऱ्याचा गरम डबा. खडकावर बसायची आणि चिन्नीला हाक मारायची.

"ये की गं बाहुले. मोठ्या आईकडे ये."

"ती तुझी आत्या आहे, चिन्नी," मी म्हणाले.

"अगं, एवढ्याशा पोरीला काय, आत्या काय नि आई काय."

"तिला कळतं."

"तुझी जीभ बघ. सासरी गेलीस की सोलून काढतील तुला."

"तिथेही मी आधी भाव ठरवूनच जाईन."

आत्या हसली. ती हसायची छान. एकदा तर ती स्वतःच झावळीवर बसली. अंगाने भरलेली बाई, चिन्नीला मांडीत घेऊन, आणि ओढायला मी, नंदू आणि गल्लीतली सगळी फौज. गाडी जागची हलेना, मग एकदम सुटली, आणि आत्या रुमाल उडून, केस मोकळे होऊन, अगं बाई अगं बाई करत धुक्यात गेली. आम्ही खाली पोचलो तेव्हा ती गवतात उताणी पडून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि चिन्नी तिच्या पोटावर बसून टाळ्या पिटत होती. त्या दिवशी मला ती आवडली होती. हे लिहायला हात आखडतो, पण लिहिते, नाहीतर कोणी म्हणेल हिने सगळे एकतर्फी मांडले.

मग हळूहळू एकेक गोष्ट माझ्या हातून तिच्या हातात गेली. आधी शिरा भरवणे. मग आंघोळ, कारण "तुझा अभ्यास आहे की." मग झोप, कारण सोलापुरी चादर जास्त ऊबदार. चिन्नी पहाटे उठून माझ्या अंथरुणात शिरायची ती बंद झाली. सकाळी उताराकडे निघताना ती माझे बोट धरायची आणि दुसऱ्या हाताने आत्याचे. मला राग यायचा आणि रागाचे कारण सांगता यायचे नाही. आईला सांगायला गेले तर ती छताकडे बघत म्हणाली, "तुला जरा मोकळीक मिळते आहे ना, सुमी?" त्या वाक्यात आधीच काहीतरी ठरलेले होते. आज ते मला ऐकू येते, तेव्हा आले नाही.

संक्रांत आली. तीळ, गूळ, खोबऱ्याचे काप यांच्या पुड्या घेऊन चिन्नी घरोघर वाटून आली, म्हणजे निम्म्या तिने वाटेतच संपवल्या. त्या संध्याकाळी आत्या परसात माझ्याजवळ येऊन बसली.

"सुमी, एक मागू? चिन्नीचं बोरन्हाण माझ्या मांडीवर होऊ दे."

लहान मुलाला काळे कपडे घालून, अंगावर हलव्याचे दागिने चढवून, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे ओततात आणि बाकीची मुले ते लुटतात, हे काय मी मराठी वाचकाला सांगायला हवे? पण मांडी कोणाची, याला आमच्या घरात महत्त्व होते. मूल आईच्या मांडीवर बसते. आईला बसवत नव्हते, तेव्हा ती मांडी माझी, असे मी धरून चालले होते.

"माझ्या मांडीवर आजवर कुणाचंच झालं नाही गं," आत्या म्हणाली.

मी विचार केला. मी नेहमी करते. "एका अटीवर. बोरं मी ओतणार. आणि त्या दिवसापासून ती परत माझ्याजवळ झोपणार. तुझी चादर तू घेऊन जा."

"सरी," ती म्हणाली. इकडचा शब्द तिच्या सोलापुरी झालेल्या तोंडात मोठा गोड वाटला. "पुन्हा काही म्हणजे काही मागणार नाही तुझ्याकडं."

आणि तिने शब्द पाळला. पुन्हा काही मागितले नाही.

बोरन्हाण घरात न करता बाहेर खडकाजवळ उन्हात करायचे, ही कल्पना माझी. संक्रांतीनंतरच्या एका सकाळी सगळी गल्ली जमली. गौरम्मा म्हणाली, आमच्यातही मुलांच्या डोक्यावर बोरे घालतात, पण उघड्यावर नाही, तुम्ही मराठी लोक जरा वेडेच. धुके नुकते उतरत होते. गवतावर सतरंजी, सतरंजीवर आत्या, तिच्या मांडीवर काळ्या झबल्यात चिन्नी. गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याच्या बांगड्या, कपाळावर बिंदी. प्रत्येक दागिना बेतून केल्यासारखा बसला होता. आत्याने ते सोलापुराहून येतानाच आणले होते. दिवाळी सरताच आलेल्या बाईच्या पेटीत संक्रांतीचे दागिने, तेही चिन्नीच्या मापाचे! त्या वेळी मला तिच्या हौसेचे कौतुक वाटले होते. मी मापटे भरून ओतले. बोरे टपटप उडाली, चिन्नीने डोळे मिटले, मग उघडले, आणि सगळी पोरे अंगावर तुटून पडली. ती बांगडीचा हलवा चाटत मला म्हणाली, "अक्का, अजून." मी अजून ओतले. आई मागच्या दारात खुर्ची टाकून बसली होती आणि पदराने डोळे पुसत होती. मला वाटले, आनंदाने.

सगळे पांगले तेव्हा अण्णा माझ्याजवळ आले. "सुमी, आज आत्याला अवरेकाई खायला घालायची. हंगाम संपत आला. गाडीवरची नको, सिटी मार्केटातून आण."

"मी? आता?"

"तुझ्याशिवाय कोणाला जमतं? वास बघून आण. घाई करू नकोस, चांगली मिळाल्याशिवाय येऊ नकोस." मग थांबून म्हणाले, "नंदूलाही ने. त्याला ऊस घेऊन दे."

अण्णांनी थट्टेशिवाय, तोंडावर माझी स्तुती केलेली मला तोवर आठवत नव्हती. मी चिन्नीला सांगितले, तुला पण ऊस आणते, आणि तिने मान डोलावली, कारण तोंडात बांगडी होती. आत्या तिच्या केसांतले चुरमुरे वेचत होती. तिने मान वर केली नाही.

मार्केटात मी त्या दिवशी जशी भांडले तशी कधी भांडले नसेन. पहिल्या रांगेतल्या शेंगा मी चोळल्या, वास घेतला आणि टाकल्या. दुसऱ्या रांगेतल्या बाईला म्हणाले, ही दव खाल्लेली नाही, ही नळाचे पाणी प्यायलेली आहे. ती म्हणाली, "एवढं कळतं तर शेत घे ना अम्मा." मी तिथेच बसले, उठले, चार पावले गेले, परत आले, ती ओरडली, मी ओरडले, आणि शेवटी तिने माझ्या मनाप्रमाणे पिशवी भरली, वर हसून मूठभर जास्त टाकली. नंदू उसाचा रस हनुवटीवरून गाळत उभा होता. बसमध्ये मी बोटांचा वास पुन्हा पुन्हा घेत होते. अण्णा काय म्हणतील याची वाक्ये मी मनात तयार करत होते.

घरी आलो तर मागचे दार उघडे. झावळी भिंतीला टेकवलेली. सतरंजी घडी घालून ठेवलेली, आणि जिथे ती अंथरली होती तिथल्या गवतात हलव्याचे दाणे सांडलेले, त्यांना मुंग्या लागलेल्या. आत आई भिंतीकडे तोंड करून निजली होती. अण्णा खुर्चीवर, हात गुडघ्यांवर.

"चिन्नी कुठाय?"

"आधी बस."

"अण्णा, चिन्नी कुठाय?"

"आत्याबरोबर सोलापूरला गेली. टॅक्सीनं."

"कधी येणार?"

अण्णा उठले आणि मागचे दार लावून आले.

"मला का पाठवलंत?"

"तू असतीस तर तमाशा केला असतास."

"केलाच असता!"

"म्हणून."

पिशवी मी भिंतीवर फेकली. शेंगा घरभर झाल्या. नंदूने उसाचा तुकडा पुढे धरला आणि विचारले, "मग हा चिन्नीचा कोण खाणार?" आई भिंतीकडे बघतच म्हणाली, "तिचं भलं होईल, सुमी. माझ्याच्यानं होत नव्हतं." मी ओरडले, तुला कोणी करायला सांगितलं होतं, मी करत होते ना! मग तिला खोकल्याची अशी उबळ आली की मला गप्प बसावे लागले. त्या घरात माझे प्रत्येक भांडण त्या खोकल्यापाशी संपायचे. दुसऱ्या दिवशी कोणीतरी शेंगा गोळा करून सोलल्या, आमटी केली, आणि अण्णांनी ती पुन्हा मागून घेतली. "वास चांगला आहे," म्हणाले.

मुंग्यांनी दाणे नेले, थंडी गेली, नंदू झावळी मागेनासा झाला. दत्तकविधान वगैरे काही झाले नाही. घरातल्या घरात मूल सांभाळायला दिले, एवढेच सगळे म्हणायचे. उन्हाळ्यात धारवाडला एका चुलतभावाची मुंज होती. आत्या चिन्नीला न आणता आली. मांडवात बायका पाने पुसत बसल्या होत्या, आणि कोणीतरी विचारले, एवढीशी पोर, अक्काला सोडून आली कशी? तेव्हा आत्याने सांगितले, मी पाठीमागे उभी आहे हे तिला माहीत नव्हते.

"अहो, किती वाट बघितली सुमीची! टॅक्सीवाला हॉर्न वाजवून दमला. पोर दारात उभी, अक्का कुठाय, अक्का कुठाय. पण ही तिकडं शेंगांचा भाव करत बसलेली. शेवटी निघालो बाई. बहिणीपेक्षा शेंगा प्यारी."

सगळ्या हसल्या. त्यांना ते पटले, कारण मी भाव करते हे सगळ्यांना ठाऊक होते. मी पुढे होऊन ओरडले की हे खोटे आहे, मला कोणी सांगितलेच नव्हते. मांडवातली भांडी थांबली. आणि मग सगळ्यांनी माझे ओरडणेच तेवढे पाहिले. बघा, म्हणाल्या, हिच्या असल्या स्वभावापायीच सांगता आले नसेल. मी खरी होते आणि तोंडाने हरले. तेव्हापासून मी कोणत्याही भांडणात आवाज चढवण्याआधी पुरावा हातात घेते.

पुरावा माझ्याकडे होता. गौरम्माने मला आधीच सांगितले होते, तेही मी न विचारता. "तुझी बस वळली आणि टॅक्सी आली. ती आधीपासून देवळाच्या कोपऱ्यावर उभी होती. सामान तर पहाटेच बांधलेले होते. मला वाटले, तुला माहीत आहे." गौरम्मा आता नाही. अण्णा नाहीत, आई नाही. आतोबाही गेले. जिवंत आहे ती फक्त आत्या, आणि तिची हकीकत.

ती हकीकत मोठी होत गेली. लग्नाकार्यात ती विनोद म्हणून सांगितली जाऊ लागली. चिन्नी सोलापुरात मधुरा झाली, चांगली शिकली, सुट्टीत कधी आली तर मला "सुमाताई" म्हणायची आणि दाराबाहेर चपला नीट लावून आत यायची. पाहुणी जशी लावते तशी. आत्याने तिला प्रेमाने वाढवले. मी ते पाहिले आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. नवऱ्याच्या कंप्युटरच्या नोकरीमुळे ती आता बेंगळुरातच आली आहे, मारतहळ्ळीला, उंच इमारतीत. तिला दोन लहान मुले आहेत, आणि म्हातारी आत्या तिच्याकडेच असते.

गेल्या डिसेंबरात मी एका जुन्या शेजारणीच्या परसातून सुपारीची झावळी मागून घेतली आणि ऑटोतून मारतहळ्ळीला नेली. ऑटोवाला सारा रस्ता हसत होता. इमारतीचा पहारेकरी हिंदीत म्हणाला, लॉनवर परवानगी नाही. मी त्याच्याशी वाद घातला, आवाज न चढवता, आणि जनरेटरच्या मागचा गवताचा उतार मिळवला. तो एवढासा, पण ओला होता. सकाळचे धुकेही थोडे होते. दोन्ही मुलांना बसवले, दांडा कसा धरायचा ते दाखवले आणि ओढले. गुडघे बोलतात आता माझे, तरी ओढले. धाकटी किंचाळली, "आजी, वन्स मोअर!" मी तिच्याकडे पाहायचे टाळले.

चिन्नी फोनवर चित्रण करत होती. "हे कुठे शिकलीस, ताई?"

"तुला ओढायचे मी. रोज."

"खरंच? मला काहीच आठवत नाही गं." ती हसली, आत्यासारखीच छान हसते. "मला फक्त तेवढं माहीत आहे, तू मार्केटात भाव करत बसलीस म्हणून मी सोलापूरकर झाले. नाहीतर तू मला जाऊ दिलं असतंस होय?"

तिने ते थट्टेने म्हटले. लहानपणापासून ऐकलेले वाक्य माणूस तसेच म्हणतो. बाकावर उन्हात शाल पांघरून आत्या बसली होती, पायात मोजे, डोक्याला रुमाल. तिला सगळे ऐकू आले. तिने माझ्याकडे पाहिले, मग आपल्या मोज्यांकडे, आणि म्हणाली, "ऊन चढलं. वर जाऊ या की."

मी त्या दिवशी गप्प बसले, कारण मुले होती आणि मला पुन्हा मांडवातली सुमी व्हायचे नव्हते. पण आत्या, तुझे कान चांगले आहेत आणि आठवणही. तू मूल का नेलेस ते मी विचारत नाही. अण्णांनी का दिले तेही नाही. आईने का पाठ फिरवली ते तर मला तिच्या वयाची झाल्यावर कळले. मी एवढेच म्हणते की चिन्नी आयुष्यभर असे समजत आली आहे की ती दारात उभी होती आणि तिची अक्का आली नाही. ते तू तिच्या मनात घातलेस आणि ते तूच काढायचे. येत्या रविवारी मी येते आहे. चिन्नी समोर बसेल, मी समोर बसेन, आणि तू वर जाऊ या म्हणायचे नाहीस. टॅक्सी कधी आली होती, आत्या? तिच्या तोंडावर सांग.